द्रुतगती सासुरवाडी

चीन देशाने गेल्या काही वर्षांत ४५,००० किलोमीटरांहून अधिक लांबीचे अतिवेगवान लोहमार्ग बांधून मनुष्यजातीचा जो काही वेळ वाचविला असेल, तो सर्वच्या सर्व तेथील सासवा, सासरे, मामे, मावश्या आणि आत्या यांनी मिळून बिनबोभाट खर्ची टाकला आहे, हे माझे मत कोणत्याही सरकारी अहवालात नमूद झालेले नाही. परंतु बीजिंगहून शिआनपर्यंतच्या प्रवासाचा ज्याला जावई या नात्याने अनुभव आहे, असा कोणताही सुज्ञ इसम त्याखाली डोळे मिटून सही करील. पूर्वी हा प्रवास एका रात्रीचा असे. संध्याकाळी डब्यात चढावे, तीन मजली फळ्यांपैकी आपल्या नशिबी आलेल्या फळीवर देह ठेवावा, दहाच्या सुमारास दिवे मालवले की निद्राधीन व्हावे आणि सकाळी सासऱ्यांच्या गावी डोळे उघडावे, असा शिरस्ता होता. पुढे २०१० साली झेंगझोऊ ते शिआन आणि २०१२ साली बीजिंग ते झेंगझोऊ हे द्रुतगती मार्ग खुले झाले, आणि रात्रीचे ते अंतर साडेचार ते सहा तासांवर आले. मात्र आमच्या घराचे दार लावल्यापासून सासूबाईंच्या जेवणाच्या मेजाशी बसेपर्यंतचा हिशेब मांडला, तर तेव्हा एक रात्र जात असे आणि आता एक दिवस जातो. प्रगती झाली ती इतकीच, की जो वेळ पूर्वी झोपेत जाई तो आता जागेपणी जातो.

मी मूळचा बार्शीचा. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवर माझे बालपण गेले. चालत्या गाडीतून खाली उतरावे, बांधावरच्या ओळखीच्या माणसाची विचारपूस करावी आणि पुन्हा त्याच डब्यात चढावे, अशी त्या गाडीची आख्यायिका आमच्या गावी सांगितली जाई. असा मनुष्य नोकरीनिमित्त बीजिंगात येतो, तेथे शिआनच्या कन्येशी विवाहबद्ध होतो आणि ताशी तीनशे किलोमीटरांहून अधिक वेगाने सासुरवाडीस नेला जातो, हा दैवाचा विनोद खरा. परंतु बार्शी लाइटमधून मामाच्या गावी जाताना मला कधी घाई झाल्याचे आठवत नाही, आणि या गाडीने जाताना कधी उसंत मिळाल्याचे आठवत नाही.

या प्रवासाचा मुहूर्त आपण ठरवायचा नसतो. चिनी नववर्षाच्या आधी पंधरा आणि नंतर पंचवीस, असे एकंदर चाळीस दिवस ‘चुनयुन’ नावाचे महापर्व चालते, आणि त्या काळात कारखान्यांतील कामगार, कचेऱ्यांतील कारकून, वसतिगृहांतील विद्यार्थी, असा सारा मुलूखच्या मुलूख आपापल्या गावाकडे लोटतो. त्यातही नववर्षाचा पहिला दिवस मुलाच्या आईवडिलांचा आणि दुसरा दिवस मुलीच्या माहेरचा, असा दंडक असल्यामुळे दुसऱ्या दिवशी देशातील यच्चयावत जावई एकाच वेळी रस्त्यावर असतात. आपल्याकडे दिवाळसण असतो, पण तो निदान लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आटोपतो. येथे तो आजन्म आहे.

“आपण पाचव्या दिवशी गेलो तर?” मी एकदा चाचरत सुचविले. “गर्दी ओसरलेली असते.”

“पाचव्या दिवशी गेलो, तर शेजारी विचारतील, दुसऱ्या दिवशी का आले नाहीत,” पत्नी म्हणाली.

“मग काहीच सांगायचं नाही.”

“काहीच सांगितलं नाही, तर ते स्वतः ठरवतील. ते जे ठरवतील, त्यापेक्षा गर्दी बरी.”

तिकिटांची विक्री पंधरा दिवस आधी सुरू होते, आणि ती फोनवर होत असल्यामुळे रांगेत उभे राहण्याचे कष्ट वाचले आहेत, असे समजण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात नेमक्या घटकेला देशातील प्रत्येक अंगठा एकाच वेळी एकाच जागी पडतो. तिकीट माणसाच्या नावावर असावे लागते, आणि येथेच माझ्या कुळाचा अभिमान आडवा येतो. माझ्या पत्नीचे नाव दोन अक्षरांत आटोपते. माझ्या पारपत्रावर मात्र मी, माझे वडील आणि आमचे आडनाव असे तिघेजण एका ओळीत उभे आहेत, व रोमन लिपीत उतरविल्यावर ही मिरवणूक रकान्याच्या टोकाला जाऊन अडते. मी वडिलांपर्यंत पोहोचेतो पत्नीला सातव्या डब्यात जागा मिळालेली असते. मी आडनाव पुरे करीपर्यंत गाडी भरलेली असते. मग प्रतीक्षायादीत नाव रुजू करून कोणा तरी अज्ञात जावयाचे सासऱ्याशी बिनसावे, अशी मनोमन प्रार्थना करीत बसावयाचे. यंदा ती कोणत्या तरी दैवताने ऐकली आणि मला चौदाव्या डब्यात जागा मिळाली.

सामानाचे प्रकरण याहून गंभीर आहे. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून सासूबाई रोज दूरध्वनीवरून हुकूम सोडतात, की काहीही आणू नका.

“आई तर म्हणाल्या, काही आणू नका,” बैठकीच्या खोलीत रचलेल्या खोक्यांच्या तटबंदीकडे पाहत मी म्हणालो.

“म्हणून तर सहा खोकी घेतली,” पत्नीने उत्तर दिले. “‘आणा’ म्हणाली असती, तर दोनांत भागलं असतं.”

वस्तू समसंख्येत असाव्यात, पण चार नसाव्यात; वेष्टन लाल असावे; खोके आतील ऐवजाच्या मानाने दुप्पट मोठे असावे, हे या नजराण्याचे नियम. त्यात चहा, पाकवलेली फळे, दुधाच्या खोकड्या, ५३ टक्के मद्यार्काच्या सीलबंद बाटल्या आणि बीजिंगची ख्याती असलेले भाजके बदक हवाबंद पिशवीत, असा सरंजाम असतो. या हवाबंद बदकाविषयी मला काही दिवसांपासून संशय होता. लग्नाच्या आहेरात आलेली साडी ज्याप्रमाणे घडी न मोडता चार घरे फिरून येते, त्याप्रमाणे हे बदकही कोणाच्या मुखात न जाता केवळ या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे स्थलांतर करीत असावे, असे मला वाटे. म्हणून यंदा एका खोक्याच्या तळाशी, कोपऱ्यात, मी निळ्या शाईने बारीक फुली मारून ठेवली.

रेल्वेच्या नियमानुसार प्रौढ प्रवाशाला २० किलो सामान नेता येते, आणि राजनैतिक अधिकाऱ्याला ३५ किलो. हा नियम वाचल्यापासून माझे असे ठाम मत झाले आहे, की दोन राष्ट्रांमधील नाजूक संबंध केवळ आपल्या पचनशक्तीच्या बळावर टिकवून धरणारा परदेशी जावई हा वकिलातीतला अधिकारीच समजला पाहिजे. हा युक्तिवाद मी पत्नीपाशी मांडला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला व सातवे खोके माझ्या हाती दिले.

गाडी दुपारी होती. सासऱ्यांचा फोन सकाळी सातला आला. “निघालात का?” पुन्हा आठला आला. “अजून निघाला नाहीत?” नवाच्या फोनमध्ये त्यांनी आम्हाला १९८७ साली चुकलेल्या एका गाडीची हकीकत पहिल्यापासून सांगितली, आणि ती संपेपर्यंत खरोखरच उशीर झाला. स्थानकाच्या दारात क्षकिरण यंत्रातून सामान जाताना पडद्यावर एकामागून एक सारख्याच आकृती सरकू लागल्या, तेव्हा तेथे तैनात असलेल्या तरुण स्त्रीने भुवया उंचावल्या.

“हे काय?”

“बदक.”

“आणि हे?”

“तेही बदकच.”

“सगळी बदकंच?”

“नातेवाईक पुष्कळ आहेत.”

तिने सहानुभूतीने मान हलविली आणि पंचनाम्यावाचून आम्हाला सोडले. पुढच्या फाटकावर चिनी नागरिक ओळखपत्र टेकवतात आणि दार आपोआप उघडते. माझे पारपत्र बाजूच्या मनुष्यास दाखवावे लागले. त्याने छायाचित्राकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा छायाचित्राकडे पाहिले. छायाचित्रातील इसम सडपातळ होता. तो या देशातील सासुरवाडीस एकदाही न गेलेला होता, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

गाडीत दुसऱ्या वर्गात एका रांगेत पाच आसने असतात आणि त्यांना ए, बी, सी, डी, एफ अशी अक्षरे असतात. मधले ई गाळलेले आहे. त्याचा शोध घेत रांगेत पुढेमागे फिरणारा एखादा नवखा प्रवासी प्रत्येक डब्यात असतो, आणि त्याच्यामुळे बाकीच्यांचे मनोरंजन होते. मी मात्र चौदाव्या डब्यात बसून सातव्या डब्यात कसे जाता येईल, या विवंचनेत होतो. शेजारच्या तरुणाला मी विनंती केली, की त्याने सातव्या डब्यातल्या माझ्या पत्नीच्या शेजारच्या प्रवाशाशी बोलावे. तो म्हणाला, त्याला आनंदच आहे. मात्र त्याची आई अकराव्या डब्यात आहे, तेव्हा आधी तिच्या शेजारच्या गृहस्थांची सोय व्हावी. त्या गृहस्थांची हरकत नव्हती, पण त्यांचा मेहुणा नवव्यात होता. मेहुण्याला खिडकी हवी होती. खिडकीपाशी बसलेल्या बाईंना नातवाजवळ बसावयाचे होते, आणि नातू उभ्याच्या तिकिटावर आपल्या घडीच्या तिवईवर दोन डब्यांच्या मधल्या जागेत सुखाने बसून फोनवर खेळत होता व त्याला आजीजवळ बसावयाचे नव्हते. या वाटाघाटी गाडीने शहराची हद्द ओलांडल्यापासून सुमारे तासभर चालल्या. त्यांची फलनिष्पत्ती अशी, की मुलगा आईजवळ, गृहस्थ मेहुण्याजवळ आणि आजी खिडकीजवळ स्थानापन्न झाली. सर्वांनी माझे मनापासून आभार मानले. आणि मी अकराव्या डब्यात एका वृद्ध गृहस्थांच्या शेजारी येऊन पडलो. पत्नी सातव्यातच होती. तिने निरोप पाठविला, की येथे आरामात आहे, उगाच त्रास घेऊ नकोस.

दरम्यान डब्याच्या टोकाशी असलेल्या उकळत्या पाण्याच्या नळाकडे यात्रा सुरू झाली होती. चिनी मनुष्य गरम पाण्यावाचून कोठेही जात नाही, हे ओळखून रेल्वेने प्रत्येक गाडीत त्याची फुकट सोय केली आहे. त्यामुळे कोणाच्या हातात चहाचा थर्मास, तर कोणाच्या हातात झाकण अर्धवट फाडलेला शेवयांचा कागदी पेला, अशी मंडळी हलत्या वाटेवरून विलक्षण तोल सांभाळीत परतत होती. समोरच्या बाईंनी मुलाला तिकिटाविना आणले होते आणि त्या निश्चिंत होत्या, कारण २०२३ सालापासून मुलांची सवलत वयावर मिळते. तत्पूर्वी ती उंचीवर मिळे. १.२ मीटरच्या आतबाहेर असलेल्या पोरांना स्थानकावरील रेघेपाशी गुडघे किंचित वाकवून चालण्याची तालीम घरीच दिली जाई, असे त्या बाई मोठ्या अभिमानाने सांगत होत्या. आपल्याकडे मुलांचे वय चोरतात. येथे उंची चोरावी लागे. शास्त्र एकच, साधने निराळी.

शिजियाझुआंग स्थानक आले आणि माझ्या शेजारचे वृद्ध गृहस्थ प्रथमच बोलले.

“कुठला?”

“भारतातला.”

“इथे तुमचा के दिहुआ आहे,” खिडकीबाहेर बोट दाखवीत ते म्हणाले.

के दिहुआ म्हणजे आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. रणांगणावर जखमींची शुश्रूषा करता करता १९४२ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले, आणि त्यांची समाधी याच शहरात आहे. शांतारामबापूंनी त्यांच्यावर चित्रपट काढला, म्हणून आपल्याकडच्या जुन्या माणसांना ते ठाऊक. येथल्या जुन्या माणसांना ते चित्रपटावाचून ठाऊक आहेत. माझी छाती अंमळ फुगली.

“ते सोलापूरचे,” मी म्हणालो. “मीही त्याच जिल्ह्यातला.”

वृद्धाने प्रथमच माझ्याकडे आदराने पाहिले. “मग तूही डॉक्टर?”

“नाही. मी हिशेबनीस आहे.”

“युद्धात वगैरे?”

“नाही. एका पंपाच्या कंपनीत.”

ते बराच वेळ स्तब्ध राहिले. माझ्या बाजूने काही तरी सांगता यावे, म्हणून ते मनापासून धडपडत असावेत. शेवटी त्यांनी विचारले, “बायको चिनी आहे?”

“हो.”

“त्याचीही चिनी होती,” ते समाधानाने म्हणाले. “म्हणजे तेवढं तरी जमवलंस.”

त्यानंतर त्यांनी मला माझा पगार, घरभाडे, आईवडिलांचे वय आणि अपत्यांच्या बाबतीत आमचा विचार काय, हे सर्व एखाद्या मामलेदाराच्या शिस्तीने विचारून घेतले. पगाराचा आकडा ऐकल्यावर त्यांनी मला एक संत्रे सोलून दिले.

शिआनला गाडी ठरल्या मिनिटाला पोहोचली, आणि तेथून रेल्वेचा अंमल संपून सासऱ्यांचा सुरू झाला. ते, धाकटे चुलतसासरे आणि पत्नीचे मामा असे तिघेजण आम्हाला घेण्यास आले होते, आणि तिघेही तीन निरनिराळ्या दारांशी उभे राहून आम्ही आहो तेथेच थांबावे, असे तीन निरनिराळ्या फोनवरून बजावीत होते. बाराशे किलोमीटर अंतर आम्ही ज्या वेगाने तोडले, त्या मानाने स्थानकाच्या उत्तर दारापासून दक्षिण दारापर्यंतचा प्रवास फारच रेंगाळला. घरी सासूबाई “आज काही विशेष केलेलं नाही” असे म्हणत दारात उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे मेजावर ते विशेष नसलेले पदार्थ एकमेकांच्या डोक्यावर चढून बसले होते. दाराकडे तोंड करून असलेली मानाची खुर्ची मला दिली गेली. तेथून पळून जाण्याची वाट तेवढी स्पष्ट दिसते. तिच्यावर मात्र सासरे बसलेले असतात.

सासरे इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत, आणि शिआन ही ह्युएन त्संगाची कर्मभूमी आहे. त्याच्या ग्रंथांसाठी सातव्या शतकात बांधलेला मनोरा त्यांच्या घरापासून दूर नाही. हा थोर यात्रेकरू महाराष्ट्रात येऊन गेला, त्याने पुलकेशीच्या प्रजेविषयी लिहून ठेवले, एवढ्या आधारावर सासऱ्यांनी माझ्या स्वभावाची संपूर्ण कैफियत चौदाशे वर्षांपूर्वीच दप्तरी दाखल झाली आहे, असे धरले आहे. मी जरा गप्प बसलो, की ते पत्नीला सांगतात, “सांभाळून. ही माणसं उपकार विसरत नाहीत, पण अपमानही विसरत नाहीत.” यानंतर पेला पुढे येतो. तेथील ती पांढरी दारू ज्वारीपासून काढतात; ज्या धान्याच्या भाकरीवर आमचा सारा जिल्हा पोसला, त्याचे हे रूप पाहून मला प्रत्येक वेळी गहिवरून येते, आणि ते अश्रू भावनेचेच असतात असे नाही.

“मला पुरे,” मी म्हणालो.

“ह्युएन त्संग लिहितो, तुमच्याकडचे योद्धे लढाईपूर्वी मद्य घेत,” सासरे पेला भरीत म्हणाले.

“मी योद्धा नाही हो.”

“हत्तींनाही पाजत, असंही लिहिलंय. मग हत्ती समज.”

याच ह्युएन त्संगाने इ. स. ६४५ मध्ये परतताना ६५७ ग्रंथ वीस घोड्यांवर लादून आणले, ही गोष्ट सासूबाईंनी नेमकी ध्यानात ठेवली आहे. निघण्याच्या दिवशी २० किलोंच्या मर्यादेचा मी उल्लेख करताच त्या म्हणाल्या, “त्याला कोणी वजन विचारलं नाही.” मग पिठाच्या वड्या, वाळवलेल्या खजुरांच्या पिशव्या, घरचे तिखटाचे तेल, गोठवलेल्या मोमोंचा कापसात गुंडाळलेला डबा, असे एकेक अवजड प्रेम आमच्या सामानात दाखल होऊ लागले. चुलतसासऱ्यांनी गावाकडची, पाण्याच्या बाटलीत भरलेली, नावगाव नसलेली दारू आणली होती. सुटी, चिठ्ठी नसलेली दारू गाडीत नेता येत नाही, असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी त्या नियमाचा निषेध केला, तपासणीच्या दारापर्यंत ती बाटली आग्रहाने आणली, तेथे ती परत केली गेल्यावर अतिशय दुःखी चेहऱ्याने ताब्यात घेतली व घरी जाण्याची घाई केली. मामांनी शेवटच्या क्षणी लाल वेष्टनातले एक मोठे खोके माझ्या काखेत कोंबले. “रस्त्यात खा,” ते म्हणाले. आसनावर बसल्यावर मी ते उलटे करून पाहिले. तळाशी, कोपऱ्यात, निळ्या शाईची बारीक फुली होती.

“मामांनी मनापासून दिलंय,” पत्नी म्हणाली. “पुढच्या वर्षी आत्याला देऊ.”

घरी पोहोचल्यावर सासूबाईंचा फोन आला. २०२४ च्या डिसेंबरात नव्या गाडीचे नमुने रुळांवर आले असून चाचणीत ते ताशी ४५० किलोमीटर आणि प्रवाशांना घेऊन ४०० किलोमीटर धावावयाचे आहेत, ही बातमी सासऱ्यांनी त्यांना वाचून दाखविली होती.

“मग तर फारच सोपं,” त्या म्हणाल्या. “दर रविवारी मीच डबा घेऊन येत जाईन. तुम्ही स्वयंपाक करू नका.”

राष्ट्राच्या प्रगतीविषयी मला नितांत आदर आहे. तथापि माणसांच्या जिवाशी संबंध असलेल्या अशा गोष्टींत घाई उपयोगी नाही, आणि नव्या गाडीच्या चाचण्या सर्व ऋतूंत, सर्व मार्गांवर, कसून व अतिशय सावकाश व्हाव्यात, असा माझा नम्र अभिप्राय मी सासऱ्यांमार्फत योग्य त्या ठिकाणी कळविला आहे.